मेडिक्लेम असताना अपघात विमा कशाला?

या प्रश्नावर थोडी भर. अपघातात भरती व्हावं लागलं तर मेडिक्लेम खर्च देतोच. नव्या पॉलिसीतला सुरुवातीचा 30 दिवसांचा प्रतीक्षाकाळही (म्हणजे ज्या दिवसांत दावा मिळत नाही तो काळ) अपघाताला लागू नसतो. पण मेडिक्लेम भागवतो फक्त बिल. पाय मोडून तीन महिने घरी बसलात तर बुडालेल्या कमाईचं काय? ते काम वैयक्तिक अपघात विम्याचं. तिथे बिलाचा संबंध नाही. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ठरलेली रक्कम, अंशतः आलं तर पॉलिसीतल्या तक्त्याप्रमाणे त्या रकमेचे काही टक्के, आणि पॉलिसीत असेल तरच, तात्पुरत्या अपंगत्वासाठी दर आठवड्याला भत्ता. हप्ता वाचवायला लोक नेमका हा भत्ताच गाळतात. माझ्या मते स्वतःचा धंदा असणाऱ्यांनी तोच आधी बघावा.

बँक वर्षाला 20 रुपये कापते ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना हाही अपघात विमाच. अपघाती मृत्यूला 2 लाख, अपघातात एक हात, पाय किंवा डोळा कायमचा गेला तर 1 लाख. दवाखान्याचं बिल त्यात नाही. गाडीच्या विम्यातलं 15 लाखांचं सक्तीचं कव्हरही फक्त मालक-चालकाचं, मागे बसणाऱ्याचं नव्हे.

आणि हो, ते 20 रुपये मेअखेरीस कापतात. तेव्हा खात्यात शिल्लक ठेवा.