‘विंडो’ हा इंग्रजीचा घरचा शब्द की उसना?

मूळ मुद्दा : ‘विंडो’ हा अस्सल इंग्रजी जोडशब्द असल्याचे सांगितले जाते, ते मला मान्य नाही. हा शब्द जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतील ‘विंडाउगा’वरून आला असून त्यातील ‘विंड्र’ म्हणजे वारा आणि ‘आउगा’ म्हणजे डोळा. नवव्या शतकात ही भाषा बोलणारे डेन लोक, म्हणजे डेन्मार्ककडचे लोक, इंग्लंडच्या पूर्व व उत्तर भागांत स्थायिक झाले आणि त्यांच्या बोलीतून तो इंग्रजीत रुजला. त्यापूर्वी इंग्रजीत ‘एआग्थ्यर्ल’, म्हणजे डोळ्यासारखे भोक, असा स्वतःचा सुरेख शब्द होता. तो गेला, त्यातील ‘थ्यर्ल’ आज ‘नॉस्ट्रिल’मध्ये, म्हणजे नाकपुडीत, ओळखू न येण्याइतके झिजून उरले आहे, याची मला खरोखर हळहळ वाटते.

प्रतिसाद १ : नॉर्स आणि इंग्रजी या एकाच जर्मानिक कुळातल्या बहिणी असल्यामुळे ‘उसना’ हा शब्द मला फार कठोर वाटतो. जुन्या इंग्रजीत ‘विंड’ही होता आणि डोळ्याला ‘एआगे’ही म्हणत. खरा परका होता तो फ्रेंचमधून आलेला ‘फेनेस्टर’, जो सोळाव्या शतकापर्यंत ‘विंडो’शी स्पर्धा करत राहिला. जर्मनने मात्र लॅटिनमधूनच ‘फेन्स्टर’ घेतला. म्हणजे या बाबतीत इंग्रजीनेच कुळाचा शब्द राखला.

मूळ लेखक : नाते मला मान्य आहे, पण आपण शब्दाचे रूप पाहावे. इंग्रजीतील ‘एआगे’चा पुढे ‘आय’ झाला. बोलणाऱ्यांनी ‘विंडाउगा’ची फोड करून तो आपल्या भाषेत घडवला असता, तर आज आपण ‘विंड-आय’ म्हणालो असतो. ‘विंडो’च्या शेवटचा ‘ओ’ हा नॉर्स ‘आउगा’चाच झिजलेला अवशेष आहे.

प्रतिसाद २ : रूपाविषयीचा आपला युक्तिवाद पटला, परंतु कल्पना कोणाची, हाही प्रश्न विचारायला हवा. चौथ्या शतकात बायबलचे गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत भाषांतर झाले, त्यात खिडकीला ‘ऑगादाउरो’, म्हणजे डोळा-दार, असा शब्द आहे. खिडकीत डोळा पाहणे ही केवळ डेन लोकांची दृष्टी नव्हती. त्यांनी त्या डोळ्याला वाऱ्याची जोड दिली, आणि काच नसलेल्या उघड्या झरोक्याला ती शोभतेही. आपल्याकडे संस्कृतातून आलेल्या ‘गवाक्षा’त गाईचा डोळा आहे आणि ‘वातायना’त वाऱ्याची वाट आहे, नॉर्स शब्दात डोळा व वारा एकत्र आले आहेत.

मूळ लेखक : ‘ऑगादाउरो’चा दाखला मोलाचा आहे आणि डोळ्याची कल्पना सामायिक असल्याचे मी मान्य करतो. तरीही व्युत्पत्ती देताना केवळ ‘जर्मानिक’ न लिहिता ‘जुन्या नॉर्सवरून’ असे स्पष्ट लिहावे, हा माझा आग्रह कायम आहे.