बोडेगातलं फ्रोझन योगर्ट
न्यूयॉर्कच्या कोपऱ्यावरच्या बोडेगात, म्हणजे छोट्या किराणा दुकानात, फ्रोझन योगर्ट मिळतच नाही, असं काही जण म्हणतात. अहो मिळतं, फक्त कपात शोधू नका. मागच्या उभ्या फ्रीझरमध्ये यासो या ब्रँडचे काडीवरचे ग्रीक योगर्ट बार बऱ्याचदा असतात. खोका हातात घेऊन नीट बघा: बाहेर बर्फाचा जाड थर असेल किंवा आतले बार एकमेकांना चिकटलेत असं वाटलं, तर माल वितळून पुन्हा गोठलाय, सरळ परत ठेवा. 'फ्रोझन डेअरी डेझर्ट' लिहिलेलं वेगळं, ते योगर्ट नव्हे. आणि खोक्यावर 'लाइव्ह अँड ॲक्टिव्ह कल्चर्स', म्हणजे विरजणाचे जिवंत जिवाणू, असं लिहिलंय का तेवढं वाचाच. गोठवल्याने विरजणाचे जिवाणू सगळे मरत नाहीत, बरेचसे नुसते निपचित पडून राहतात.