मदत हवी आहे: कर्नल बदलला की वायफाय बंद, ८८२१सीयू डोंगलचं काय करू?

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात तीन जुने डेस्कटॉप आहेत, तिन्हींवर मी लिनक्स मिंट २१.३ ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिलीय. दहावी-बारावीची मुलं तिथे फॉर्म भरायला, व्याख्यानं बघायला येतात. राउटर ग्रंथपाल काकांच्या टेबलापाशी, संगणक पलीकडच्या खोलीत, मधे चिऱ्याची जाड भिंत. भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही, म्हणून केबलऐवजी यूएसबीत लावायचे वायफाय डोंगल घेतले. आतली चिप रिअलटेक आरटीएल८८२१सीयू.

मिंटच्या ५.१५ कर्नलमध्ये (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा) हिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारं सॉफ्टवेअर, नाही. ड्रायव्हरचा एक जुना सोर्स (मूळ कोड) मिळाला. मेक, सुडो मेक इन्स्टॉल या आज्ञांनी तो बांधून बसवला, चाललं. पुढे कर्नलचं साधंसं अपडेट आलं, संगणक पुन्हा सुरू केला, तर डोंगलचा निळा दिवा लागेचना. मेक इन्स्टॉल मॉड्यूल (बांधलेला ड्रायव्हर) ठेवतं ते त्या वेळच्या कर्नलच्या फोल्डरात. नव्या कर्नलचं फोल्डर वेगळं, तिथे ड्रायव्हर कुठून असणार! तेव्हापासून दर वेळी मोबाइल यूएसबीने जोडायचा, टेदरिंगवर नव्या कर्नलचे हेडर्स (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली) उतरवायचे, पुन्हा मेक. तीन संगणक म्हणजे अख्खी दुपार.

मग डीकेएमएस लावलं. नवा कर्नल आला की ते ड्रायव्हर आपोआप बांधून ठेवतं, आणि ५.१५ वर ते नीट चालतंय. फक्त सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेला ड्रायव्हर अडवणारी सोय) चालू असल्याने सुरुवातीला 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असा नकार आला. ड्रायव्हरवरच्या सहीच्या किल्लीची नोंदणी करायचा निळा पडदा बूट होताना थोडा वेळच थांबतो, पहिल्यांदा तो माझ्या हातून निसटला. दुसऱ्यांदा समोर बसून केलं.

अडलं ते दुसऱ्या संगणकावर. तो ६.८ कर्नलवर नेला आणि जुना सोर्स बांधलाच जाईना. मेक डॉट लॉगमध्ये (बांधणीच्या नोंदीत) फंक्शनला आर्ग्युमेंट कमी पडल्याच्या तक्रारी. नवा सोर्स आणून त्याच्या स्क्रिप्टने बसवला, तो चालला. पण उद्या कर्नल आणखी पुढे गेला की पुन्हा तेच. या चिपचा ड्रायव्हर ६.२ पासून कर्नलमध्येच आहे असं वाचलं, म्हणून डीकेएमएसमधून बाहेरचा काढून टाकला. तर आता काहीच चालत नाही.

पुढच्या महिन्यात मी नोकरीसाठी पुण्याला चाललेय. काका साठीच्या पुढचे आहेत, संगणक जिवापाड जपतात, पण टर्मिनल त्यांच्या गळ्यात घालणं मला बरोबर वाटत नाही. मी नसताना वायफाय गेलं तर मुलं हात हलवत परत जाणार. कृपया सांगा, कर्नलमधला ड्रायव्हर का उठत नसेल?

प्रतिसाद
ताई, दोन गोष्टी बघून सांगा. एलएसयूएसबी या आज्ञेने यूएसबी उपकरणांची यादी येते, तिच्यात डोंगलचा आयडी १ए२बी दिसतो की सी८११? १ए२बी असेल तर डोंगल अजून सीडी ड्राइव्हच्या रूपात आहे, ते रूप बदलायला यूएसबी मोडस्विच लागेल. आणि ईटीसीतल्या मॉडप्रोब डॉट डी फोल्डरात आरटीडब्ल्यू८८ हा शब्द शोधा, कर्नलमधल्या ड्रायव्हरचं ते नाव.

धागाकर्ती
आयडी सी८११ आहे. त्या फोल्डरात ८८२१सीयू डॉट कॉन्फ नावाची फाइल सापडली, तिच्यात 'ब्लॅकलिस्ट आरटीडब्ल्यू८८_८८२१सीयू' अशी ओळ आहे. ही मी लिहिलेली नाही.

प्रतिसाद
सापडलं! ती फाइल बसवणाऱ्या स्क्रिप्टने ठेवलीय. एकाच डोंगलवर दोन ड्रायव्हरांची ओढाताण नको, म्हणून कर्नलमधल्याला बंदी. तुम्ही मॉड्यूल काढलंत, बंदी तशीच राहिली. फाइल हटवा, संगणक पुन्हा सुरू करा. हा ड्रायव्हर कर्नलसोबत सही होऊनच येतो, त्यामुळे सिक्युअर बूटचा प्रश्नही मिटतो.

उरलेले दोन्हीही ६.८ वर न्या. अपडेट मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत लिनक्स कर्नल्स आहे. ५.१५ लगेच काढू नका, ग्रबमधून (सुरू होताना कर्नल निवडायच्या मेनूतून) परत जाता येतं. नेट अधूनमधून तुटलं, तर आरटीडब्ल्यू८८_कोअरला डिसेबल_एलपीएस_डीप=वाय हा वीजबचत बंद करणारा पर्याय देऊन बघा.

दुसरा प्रतिसाद
वरच्यांशी सहमत. कर्नलच्या आतली फंक्शनं कायम तशीच राहतील असं वचन कुणी देत नाही. ती बदलणारा माणूस कर्नलच्या स्वतःच्या सोर्समधले सगळे ड्रायव्हर त्याच वेळी दुरुस्त करतो. बाहेरच्याला वाली नाही, म्हणून तुमचा लॉग आर्ग्युमेंटवरून रडत होता. आतला मिळत असेल तर आतलाच घ्या.

धागाकर्ती
फाइल हटवली, संगणक सुरू केला, नेटवर्कची यादी लगेच आली. दोघांचे मनापासून आभार. निळा दिवा मात्र आता लागत नाही. काका तो दिवा बघूनच 'नेट आलं' म्हणायचे, म्हणून त्यांना पडद्याच्या कोपऱ्यातलं चिन्ह दाखवून ठेवलंय. उरलेले दोन संगणक रविवारी करते आणि इथे कळवते.