निकाल लागला, अंमलबजावणी कुणी करायची?

दक्षिण आफ्रिकेत घटनात्मक न्यायालय (घटनेच्या प्रश्नांवरचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) खंबीर आहे म्हणून गरिबांचे हक्क सुरक्षित आहेत, असं म्हटलं जातं; ते मला अर्धंच पटतं. सामाजिक अनुदानांचंच, म्हणजे गरजूंना सरकारकडून दरमहा मिळणाऱ्या पैशांचंच बघा. घटनेच्या कलम २७ मध्ये सामाजिक सुरक्षेचा हक्क आहे. २०१२ पासून वाटपाचं कंत्राट एका खासगी कंपनीकडे होतं. निविदेतल्या गडबडींमुळे २०१४ मध्ये न्यायालयाने ते अवैध ठरवलं, पण लाभार्थ्यांचे पैसे थांबू नयेत म्हणून चालूही ठेवलं! मग २०१५ मध्ये अनुदानांची जबाबदारी असलेल्या सरकारी संस्थेने लिहून दिलं की १ एप्रिल २०१७ पासून वाटप आम्हीच करू. न्यायालयाने या प्रकरणावरची आपली देखरेख थांबवली आणि तिथेच घोळ झाला. तयारी होणार नाही हे अधिकाऱ्यांना वर्षभर आधी कळलं होतं, न्यायालयाला मात्र कळवलं नाही. शेवटी मार्च २०१७ मध्ये त्याच अवैध कंत्राटाला १२ महिन्यांची मुदतवाढ द्यावी लागली. दुसरा वाटपदारच तयार नव्हता, नाक दाबलं गेलं ते न्यायालयाचंच. या वेळी मात्र स्वतंत्र तज्ज्ञांची देखरेख आली, लाभार्थ्यांची खासगी माहिती त्यांना इतर वस्तू-सेवा विकण्यासाठी वापरायला बंदी आली, आणि २०१८ मध्ये खटल्याच्या खर्चाचा २० टक्के वाटा या खात्याच्या तेव्हाच्या मंत्रीणबाई बथाबिले द्लामिनी यांनी स्वतःच्या खिशातून भरायचा आदेश झाला. माझ्या मते खरा दणका हाच, कारण एरवी दंडही करदात्यांच्याच पैशातून जातो.