अर्ध्या दिवसात नाशिक? मग वाडे कधी बघणार!

वर कुणीतरी लिहिलंय, 'रामकुंड, काळाराम उरकायचं, दुपारी वाइनरी. नाशिकला अर्धा दिवस पुरे.' देवदर्शनापुरतं ठीक आहे. पण जुनं नाशिक पंचवटीच्या समोरच्या तीरावर आहे आणि ते पायीच फिरावं लागतं.

नदी ओलांडण्याआधी नारोशंकराच्या देवळाची घंटा बघा. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली, त्या विजयाची ही आठवण. आणि नदीपात्रात उभा असलेला तो दुतोंड्या मारुती! गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं गाव एकच विचारतं, 'मारुतीच्या कुठपर्यंत आलं?' कमरेला लागलं तर ठीक, गळ्याशी आलं की सराफ बाजारातले दुकानदार माल हलवायला लागतात.

पुढे सरकारवाडा, भांडी बाजार, तांबट आळी. वाड्यांचे कोरीव खांब, तुळया, वरचे सज्जे मान वर करून बघा, पण पावसाळ्यात भिंतींना खेटून उभे राहू नका. दरवर्षी एखादी पडतेच. भाऊबंदकी आणि जुने भाडेकरू यांत दुरुस्ती अडकते, दुसरं काय!

जमल्यास रंगपंचमीलाच या. एरवी रस्त्याखाली बुजवलेल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे दगडी हौद, त्या दिवसासाठी उकरून रंगाच्या पाण्याने भरतात आणि लोक त्यात धपाधप उड्या मारतात. तो रंग दोन-तीन दिवस जात नाही; पांढरा शर्ट घालून येऊ नका.

गाडी मात्र लांबच लावा. त्या बोळांत रिक्षाही कशीबशी वळते.