जेके रँगलरला लाँग आर्म किट: गोव्यातल्या वाटांसाठी रेडियस आर्म की चार आर्म?

सत्तरीकर:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे 2017 सालची चार दारांची पेट्रोल जीप रँगलर (जेके पिढीची) आहे. तिला सध्या अडीच इंचांची लिफ्ट (सस्पेन्शनची वाढवलेली उंची) आहे, पण कंट्रोल आर्म (ॲक्सलला चॅसीशी जोडणारे दांडे) मूळचेच आहेत. आता चार इंचांची लिफ्ट आणि 35 इंची टायर घालावेत असा विचार आहे. वापर मुख्यतः वाळपईच्या आसपास कुळागरांच्या (पोफळीच्या बागांच्या) वाटांवर, पावसाळ्यात तांबड्या मातीच्या चढांवर आणि उन्हाळ्यात सुक्या व्हाळांतल्या (ओढ्यांतल्या) जांभ्या दगडांवर होतो. शिवाय चोर्ला घाटातून बेळगावला जाणे-येणे असतेच. लाँग आर्म किट (मूळपेक्षा लांब कंट्रोल आर्मचा संच) पाहताना रेडियस आर्म आणि स्वतंत्र चार आर्म असे दोन प्रकार समोर आले. या दोहोंतला फरक प्रत्यक्षात किती जाणवतो, आणि माझ्या वापराला लाँग आर्म खरोखर लागते का, हे जाणकारांनी सांगावे.

फोंड्याचा फिटर:
आधी आर्म लांब करण्याचे कारण पाहू. समजा आर्म 20 इंचांचा आहे आणि लिफ्टपूर्वी तो आडवा होता. चार इंचांच्या लिफ्टनंतर तो साधारण साडेअकरा अंशांनी उतरता होतो आणि ॲक्सल सुमारे 0.4 इंच मागे ओढला जातो. तोच आर्म 34 इंचांचा असेल तर उतार पावणेसात अंशांच्या आसपास राहतो आणि ॲक्सल पाव इंचाहून कमी सरकतो. पुढच्या ॲक्सलच्या बाबतीत उतार का नडतो, तर चाक खड्ड्याच्या कडेवर आदळून वर जाऊ लागले की उतरत्या आर्ममुळे ते त्याच वेळी पुढे, म्हणजे त्या कडेच्याच अंगावर ढकलले जाते. मग तो धक्का स्प्रिंगकडे न जाता आर्ममधून सरळ चॅसीवर येतो. ‘लिफ्ट केल्यापासून गाडी दणके देते’ या तक्रारीत स्प्रिंगपेक्षा आर्मचा उतारच जास्त वेळा दोषी असतो, पण लोक शॉक ॲब्सॉर्बर बदलत बसतात.

तरीही चार इंचांना लाँग आर्म अटळ आहे असे मी म्हणणार नाही. लांबी बदलता येणारे शॉर्ट आर्म घालून कॅस्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) जागेवर आणता येतो. नुसता कोन सुधारायचा असेल तर आर्मची चॅसीकडची बाजू खाली घेणारे ड्रॉप ब्रॅकेट स्वस्तात काम करतात. मात्र ते पुढच्या चाकांच्या मागेच लोंबतात आणि जांभ्याच्या पायरीवर पहिले तेच अडकतात. लाँग आर्मचे ब्रॅकेट आणखी मागे, गाडीच्या पोटाखाली येतात, त्यामुळे उंचवट्याच्या माथ्यावर गाडी टेकण्याचा धोका तिथेही उरतोच. किट निवडताना हे ब्रॅकेट चॅसीच्या खाली किती उतरतात, हे टेप लावून मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मडगावहून एक:
दोन प्रकारांतल्या फरकाबद्दल लिहितो. रेडियस आर्ममध्ये वरचा आर्म चॅसीला न जाता खालच्याच आर्मला जोडलेला असतो. चॅसीवर जोड कमी, बसवणी सोपी आणि घाटातल्या वळणांवर गाडी कमी कलते. पण एक चाक वर आणि एक खाली अशी स्थिती आली की दोन्ही बाजूंचे आर्म ॲक्सलच्या नळीला पीळ देऊ पाहतात, त्यामुळे ॲक्सल अँटी-रोल बारसारखा (गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांडीसारखा) ताठ राहतो आणि एक चाक लवकर जमीन सोडते. सुक्या व्हाळात नेमके हेच नको असते. चार आर्मच्या रचनेत ॲक्सल मोकळा हलतो आणि कॅस्टर प्रवासभर बराच स्थिर राहतो. मात्र वरच्या आर्मसाठी एक्झॉस्टजवळून जागा काढावी लागते आणि खर्च वाढतो. आपल्या वापराला, घ्यायचेच असेल तर, चार आर्म.

जोडांकडेही तितकेच लक्ष द्यावे. उघडा हाइम जॉइंट (धातूच्या गोळ्यावर फिरणारा जोड) आपल्या तांबड्या चिखलात लवकर खडखडू लागतो, कारण तो बारीक चिखल सुकला की घासकागदच होतो. करी कंपनीच्या जॉनी जॉइंटसारखा, ग्रीस भरता येणारा आणि खोलून दुरुस्त होणारा जोड एका टोकाला आणि रबरी बुश दुसऱ्या टोकाला, ही जोडी मला सर्वांत समतोल वाटते.

सत्तरीकर:
दोघांचेही आभार. वेल्डिंगचे किट आणि बोल्टचे किट यांत काय घ्यावे? आणि आरटीओचे काय?

फोंड्याचा फिटर:
वेल्डिंगच्या किटमध्ये मूळचे ब्रॅकेट कापून काढावे लागतात, म्हणजे परतीची वाट बंद. कापलेल्या कडेला झिंक प्रायमर आणि चॅसीच्या आतून गंजरोधक मेण न मारल्यास आपल्या खाऱ्या, दमट हवेत गंज तिथूनच सुरू होतो. कायद्याच्या बाजूने पाहता मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकाल उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर जाणाऱ्या बदलांविरुद्ध आहेत, आणि अपघातानंतर विमा कंपनी हाच मुद्दा काढू शकते. रोज नंबर प्लेट लावून रस्त्यावर धावणारी गाडी चॅसी कापून बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझा सल्ला असा की अडीच इंचांवरच राहा, पुढचे खालचे आर्म लांबी बदलता येणारे घ्या, फेंडरची कड छाटून 35 चे टायर बसवा आणि उरलेले पैसे चांगल्या शॉकवर घाला. तरीही चार इंच करायचेच ठरले, तर 3.6 लिटर इंजिनच्या जेकेत पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (पुढच्या ॲक्सलकडे शक्ती नेणारा दांडा) एक्झॉस्टच्या आडव्या नळीला लागतो का, हे चाके पूर्ण खाली लटकवून आधी पाहून घ्या. कॅस्टर वाढवला की पुढचा पिनियन (ॲक्सलमधला, हा शाफ्ट जिथे जोडला जातो तो दातेरी भाग) खाली झुकतो आणि त्या शाफ्टचा कोन आणखी बिघडतो, म्हणून दोन्ही मापे एकत्रच जुळवावी लागतात. ट्रॅक बार (ॲक्सलला आडवे सरकू न देणारी दांडी) आणि ड्रॅग लिंक (स्टीअरिंगचे वळण चाकांकडे नेणारी दांडी) समांतर राहिले पाहिजेत, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला स्टीअरिंग हातातून खेचले जाईल. आणि रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळा. गाडी जॅकवर असताना आवळले तर बुश कायम पिळलेले राहतात आणि पहिल्याच पावसाळ्यात फाटतात.