शब्दचर्चा: ‘फ्रीमन’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा

अठराव्या शतकातल्या अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या गावकारभारावरचा एक लेख मराठीत आणते आहे. तीन शब्दांपाशी अडले आहे: सिलेक्टमन, मॅन्युमिशन आणि फ्रीमन. सध्या अनुक्रमे ‘पंच’, ‘दास्यमुक्ती’ आणि ‘स्वतंत्र माणूस’ असे लिहून ठेवले आहे. पण १७०३ च्या कायद्यातले कलम आले आणि वाक्यच फसले. माझ्या मराठीत ते असे झाले: ‘तारण दिले नसेल तर दास्यमुक्त झालेला माणूस मुक्त धरू नये.’ मुक्त झालेला मुक्त नाही, म्हणजे काय? माझे भाषांतर चुकले की कायदाच तसा आहे?

प्रतिसाद

कायदाच तसा आहे, आणि तुमचे वाक्य जिथे अडले तिथेच त्याचा गाभा आहे.

त्या काळी निराधार माणसाला पोसणे ही गावाची कायदेशीर जबाबदारी होती आणि खर्च गावच्या पट्टीतून होई. काही मालक गुलामाकडून उमेदीची वर्षे राबवून घेत आणि तो म्हातारा किंवा आजारी झाला की त्याला ‘मोकळे’ करत. खर्च गावावर पडे. म्हणून १७०३ मध्ये ठरले की गुलाम सोडायचा तर मालकाने गावच्या खजिनदाराकडे निदान ५० पौंडांचे तारण द्यायचे. ते दिले नाही तर सोडलेला माणूस कायद्याच्या लेखी सुटलाच नाही, त्याचा भार मालकावरच. गुलामी वाईट की बरी हा प्रश्न या कलमात कुठेच नाही. त्यात आहे तो फक्त गावचा हिशेब.

म्हणून ‘दास्यमुक्ती’ मला इथे अगदी नको वाटतो. ‘दास’ आपण अभिमानाने नावाला जोडतो, संत स्वतःला देवाचे दास म्हणवतात. ‘दास्यमुक्ती’ म्हटले की मोक्षाचा वास येतो. इथे एक माणूस दुसऱ्याची मालमत्ता होता आणि मालकाने हक्क सोडला, एवढाच व्यवहार आहे. शब्द ‘गुलाम’च हवा. १८७३ मध्ये महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. मराठीत हा विषय त्याच शब्दाने आला आहे.

‘सिलेक्टमन’ला पंच म्हणू नका. पंच तंट्याचा निवाडा करतो. हे लोक गावसभेने दरसाल निवडलेले, आणि त्यांच्याकडे रस्ते, गोरगरिबांची सोय असली कामे असत. ‘गावकारभारी’ चालेल. पाटील तर मुळीच नाही, ते वंशपरंपरेचे वतन होते.

प्रतिसाद

मॅन्युमिशनसाठी ‘फारखत’ घ्या ना. हक्क सोडल्याचा लेख, जुन्या कागदांत सर्रास सापडतो. आणि फ्रीमनसाठी ‘मिरासदार’ सुचवतो. गावात पाय रोवलेला तो मिरासदार, बाहेरून आलेला तो उपरी. मराठी वाचकाला फरक लगेच उमगेल.

प्रतिसाद

‘उपरी’ फार नेमका आहे. तिथे नव्याने आलेल्या माणसाला गाव सोडून जाण्याची रीतसर ताकीद देत, कॉन्स्टेबल ती घरी जाऊन बजावत असे. पुष्कळदा तो माणूस पुढेही तिथेच राही. ताकिदीचा उपयोग एवढाच की उद्या तो गरजू झाला तर गावावर त्याचा हक्क नाही. मालकाने सोडलेले काळे लोक कामासाठी गावोगाव फिरत, त्यांच्या वाट्याला ही ताकीद वारंवार आली.

‘मिरासदार’ मात्र नको. मिरास बापाकडून मुलाकडे जाते. मॅसॅच्युसेट्सचा फ्रीमन शपथ घेऊन दाखल होई आणि १६३१ पासून काही दशके त्यासाठी आधी चर्चचा सभासद असावे लागे. शब्दात ‘फ्री’ असला तरी त्याचा अर्थ ‘गुलाम नसलेला’ असा नव्हता, ‘मतदानाचा हक्क असलेला सभासद’ असा होता. म्हणून ‘स्वतंत्र माणूस’ही चुकेल. मी ‘मताधिकारी’ लिहीन.

‘फारखत’ मला आवडला होता, पण फारखतीने दोन्ही बाजू एकमेकांपासून सुटतात. इथे मालक सुटत नव्हता.

आणि सुटलेला गुलाम तरी किती सुटला? १७०७ च्या कायद्याने सोळा वर्षांवरच्या मोकळ्या काळ्या पुरुषांना गावकारभाऱ्यांच्या हुकमाने रस्ते दुरुस्त करायला लावले. त्यांना लष्करी कवायतीत घेत नसत, म्हणून त्या दिवसांच्या बदल्यात हे काम. कायद्याने त्याला काहीही म्हणो, मराठीत याला एकच शब्द आहे: वेठ. तो वापरायला कचरू नका.

प्रतिसाद

फ्रीमन हे आडनाव म्हणून येईल तिथे हात लावू नका, एवढे सांगायला आलो.

जानेवारी १७७३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या शेफील्ड गावच्या एका समितीने जॉन अॅशली यांच्या घरी बसून ठराव लिहिला, की निसर्गतः माणसे समान, मुक्त आणि परस्परांपासून स्वतंत्र आहेत. गावसभेने तो मंजूर केला. बेट नावाची स्त्री त्याच घरात अॅशलींची गुलाम होती. १७८० मध्ये राज्याच्या घटनेत ‘सर्व माणसे जन्मतः मुक्त आणि समान आहेत’ असे कलम आले. १७८१ मध्ये बेट आणि ब्रॉम या दोघांच्या वतीने अॅशलींवर दावा लागला. वकील थिओडोर सेजविक, म्हणजे १७७३ च्या समितीचेच लेखनिक.

दाव्याचा प्रकार पाहा: रिप्लेव्हिन. बेकायदा अडकवून ठेवलेला माल सोडवून घेण्याचा दावा! अॅशलींचा बचाव होता की हे आपले ‘जन्मभराचे नोकर’ आहेत. ‘गुलाम’ म्हणायचे टाळण्यासाठी तिथे हाच शब्दप्रयोग रूढ होता, तो तसाच ठेवा, गुळगुळीत करू नका. ऑगस्टमध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या न्यायालयात ज्युरीने दोघांच्या बाजूने कौल दिला आणि ३० शिलिंग नुकसानभरपाई ठरवली. बेटने पुढे एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतले. स्त्री म्हणून मतदानाचा हक्क तिला अर्थातच नव्हता. जुन्या अर्थाने ती फ्रीमन कधीच होऊ शकली नसती, तरी शब्द तिने घेतला आणि आपल्या अर्थाने वापरला. इथे ‘मताधिकारी’ही नको नि ‘स्वतंत्र’ही नको.

विचारणा करणारीकडून

मन:पूर्वक आभार. मॅन्युमिशनसाठी शेवटी साधे क्रियापदच घेते: ‘सोडणे’ मालकाचे, ‘सुटणे’ गुलामाचे. मराठीत ही दोन वेगळी आहेत म्हणून कलम आपोआप उलगडले: ‘गावच्या खजिनदाराकडे तारण दिले नसेल, तर धन्याने सोडलेला गुलाम कायद्याने सुटलेला धरू नये, त्याच्या पोटापाण्याचा भार धन्यावरच राहील.’

‘वेठ’ही ठेवला आहे.